प्रेक्षकांविना मैफल: पॉम्पेईची नवी ब्लू-रे आणि आपल्या घरातला आवाज

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या पॉम्पेईतल्या मैफलीच्या चित्रपटाची २०२५ ची ब्लू-रे घ्यावी का, याचं उत्तर सुरुवातीलाच देतो. आवाजासाठी जरूर घ्या. नुसत्या चित्रासाठी घ्यायची असेल तर खालचं वाचून मग ठरवा. आणि डिस्क हातात आल्यावर सुमारे ८५ मिनिटांचा पूर्ण चित्रपट आधी लावू नका. त्याच डिस्कवर साधारण तासाभराची नुसत्या वादनाची आवृत्ती आहे, ती आधी पाहा. गोव्यात म्हापशापासून मडगावपर्यंत जुन्या रॉकचे जे पक्के श्रोते आहेत, त्यांची भांडणं या दोन गोष्टींवरूनच चालली आहेत.

ज्यांनी हे कधीच पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑक्टोबर १९७१ मध्ये, ४ ते ७ तारखेदरम्यान, दिग्दर्शक एड्रियन मेबन याने बँडच्या चौघांना इटलीत पॉम्पेईच्या प्राचीन रोमन ॲम्फिथिएटरमध्ये वाजवायला लावलं. समोर श्रोते नाहीत. त्या काळच्या कॉन्सर्टपटांत वादकांपेक्षा गर्दीच जास्त दिसायची, मेबनने ती मुळातच काढून टाकली. वादन मात्र खरं. आधी ध्वनिमुद्रण करून मग नुसते हात हलवायचे, हे बँडला मान्य नव्हतं. त्यामुळे सगळं सामान लंडनहून आणावं लागलं, आणि ते चालवायला तिथली वीज पुरेना म्हणून गावातून रस्त्यारस्त्याने लांबलचक केबल ओढावी लागली. फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) आदल्या दिवशी बीट शोची, म्हणजे बँडच्या जाहीर कार्यक्रमाची, तयारी करणाऱ्या इथल्या साउंडवाल्यांना यात नवल वाटायचं नाही.

पॉम्पेईत प्रत्यक्ष झाल्या त्या तीनच रचना: ‘एकोज’, ‘अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’ आणि ‘वन ऑफ दीज डेज’. ‘सेट द कंट्रोल्स’, ‘केअरफुल विथ दॅट ॲक्स, यूजीन’ आणि ज्यात कुत्री रडते ते गाणं पुढे पॅरिसच्या स्टुडिओत चित्रित झालं. मागे पॉम्पेईची दृश्यं टाकून सांधा लपवलेला आहे. ओळखायची खूण सोपी: की-बोर्डवरच्या रिचर्ड राइटला दाढी असेल तर पॉम्पेई, नसेल तर पॅरिस. पन्नास वर्षं ‘सगळं ज्वालामुखीच्या पायथ्याशी झालं’ अशा समजुतीत राहिलेल्या लोकांना नव्या प्रतीत हे फार स्पष्ट दिसतं, आणि काहींचा त्यामुळे विरस झाला आहे. विरस होण्याचं कारण नाही. ‘सेट द कंट्रोल्स’मध्ये ड्रमवाला निक मेसन मऊ डोक्याच्या काठ्यांनी टॉम (खोल आवाजाचे ड्रम) वाजवतो, ते ऐकताना चतुर्थीच्या आरतीला घुमट हे मातीचं वाद्य वाजवणाऱ्यांचे कान टवकारतात. ते पॅरिसमध्ये वाजलं की पॉम्पेईत, याने त्या ठेक्यात काय फरक पडतो?

आता आवाज. नवं मिश्रण (मिक्स) स्टीव्हन विल्सन या ब्रिटिश संगीतकाराचं आहे. डिस्कवर साधा स्टिरिओ, ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे सराउंड) आणि डॉल्बी ॲटमॉस (डोक्यावरूनही आवाज देणारं सराउंड) असे तीन पर्याय मिळतात. जुन्या प्रतींत रॉजर वॉटर्सचा बास नुसता घुमायचा, आता स्वर कळतो. बास वाजवणाऱ्या मंडळींचं यावर एकमत आहे, आणि बासवाल्यांचं एकमत दुर्मीळच. ‘वन ऑफ दीज डेज’च्या सुरुवातीला बास एको यंत्रातून जातो. मूळ ठोका आणि त्याची परतलेली आवृत्ती वेगवेगळी ऐकू येणं हाच त्या रचनेचा सांगाडा. जुन्या व्हीएचएसच्या नकलेवर किंवा मोबाइलच्या स्पीकरवर दोन्ही एकमेकांत कालवले जायचे. इथे मोजता येतात.

ॲटमॉसबद्दल मात्र मतभेद आहेत. सराउंडच्या बाजूचे म्हणतात, ‘सॉसरफुल’मध्ये झांजा आणि गाँगचा पसारा चहूबाजूंनी यायलाच हवा. विरुद्ध बाजू म्हणते, चार माणसं समोर वाजवताना दिसतात, मग ऑर्गन पाठीमागून का यावा? आमचं मत स्टिरिओकडे झुकतं, तेही एका साध्या कारणाने. बहुतेक घरांत पुढचे दोन स्पीकर चांगले असतात आणि बाकीचे जागा मिळेल तिथे ठोकलेले. मागचे दोन वेगवेगळ्या उंचीवर, एक शोकेसच्या आत, असं असेल तर ५.१ पेक्षा स्टिरिओच खरं वाजेल. मागचे स्पीकर कानापेक्षा थोडे वर आणि दोन्ही सारख्या अंतरावर असतील, तरच सराउंड लावा.

ॲटमॉस हवंच असेल तर एक गोष्ट जवळपास प्रत्येक घरी चुकते. प्लेअरची एचडीएमआय टीव्हीला आणि टीव्हीतून एआरसीने (टीव्हीचा आवाज एचडीएमआयवरून परत पाठवणाऱ्या सोयीने) साउंडबारला, अशी जोडणी असते. साध्या एआरसीमधून ब्लू-रेचा पूर्ण दर्जाचा ॲटमॉस ट्रॅक जातच नाही, दाबलेला डॉल्बी डिजिटल तेवढा पोहोचतो. प्लेअर थेट रिसीव्हरला (स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरला) किंवा साउंडबारच्या एचडीएमआय इनला जोडा आणि तिथून टीव्हीला न्या. मग प्लेअरच्या मेनूत ऑडिओ आउटपुट ‘पीसीएम’वर असेल तर ‘बिटस्ट्रीम’ करा. तरीही रिसीव्हरच्या पट्टीवर ॲटमॉस उमटत नसेल, तर ‘सेकंडरी ऑडिओ’ किंवा ‘बीडी ऑडिओ मिक्स’ नावाचा पर्याय चालू राहिला आहे. तो चालू असला की प्लेअर आवाज स्वतः उलगडून पुन्हा बांधतो आणि वरच्या स्पीकरांची माहिती वाटेत गळते. तो बंद करा. रिसीव्हरमधला ‘नाइट मोड’ किंवा ‘डीआरसी’ही बंद हवा, नाहीतर हळू आणि मोठा आवाज एका पातळीवर येऊन ‘केअरफुल विथ दॅट ॲक्स’मधली किंकाळी कुजबुजीएवढीच होते.

सबवूफरचा क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे स्वर सबकडे जातात ती मर्यादा) ८० हर्ट्झवर ठेवा आणि त्याची पातळी आवडते त्यापेक्षा दोन पायऱ्या खाली. आपल्याकडे जुन्या घरांचा हॉल म्हणजे चिऱ्याच्या गिलावा केलेल्या भिंती, खाली गुळगुळीत लाद्या, काचेची कपाटं. सब कोपऱ्यात असेल तर बासचे एकदोन स्वर फुगतात आणि बाकीचे गायब होतात. तो कोपऱ्यातून दोन-अडीच फूट बाहेर ओढा. पुढचे स्पीकर भिंतीपासून निदान दीड फूट, आणि तुमच्या नि स्पीकरांच्या मधल्या लाद्यांवर जाड सतरंजी. एवढ्यानेच झांजांचा चरचराट उतरतो. मोठ्या बासला लाकडी झडपा आणि शोकेसच्या काचा थरथरतात. डिस्क बिघडलेली आहे अशी तक्रार करण्याआधी त्या हाताने दाबून बघा.

आणि पंखा बंद. उकाड्यात हे सांगणं क्रूरपणाचं आहे, पण ‘एकोज’च्या दुसऱ्या तुकड्यात डेव्हिड गिल्मर गिटारमधून पाखरांसारखे जे चीत्कार काढतो ते छताच्या पंख्याखाली निम्मे ऐकूच येत नाहीत. तो आवाज वा-वा पेडल (गिटारचा आवाज पायाने बदलणारं यंत्र) उलटं जोडून निघतो: गिटार पेडलच्या आउटपुटमध्ये आणि ॲम्प इनपुटमध्ये. गिटारवाल्यांनी घरी करून बघायला हरकत नाही, पण प्रत्येक पेडल अशी दाद देत नाही. आतलं सर्किट जुन्या पद्धतीचं लागतं.

चित्राकडे येऊ. मूळ ३५ मिमी निगेटिव्हवरून फ्रेम न् फ्रेम ४केमध्ये साफ केली आहे, हे खरं. पण ही साधी ब्लू-रे आहे, म्हणजे घरी पडद्यावर १०८०पीच, ४केपेक्षा कमी तपशिलाचं चित्र, येणार. ‘४के’ हा शब्द वाचून ६५ इंची टीव्हीचा कस लागेल अशी अपेक्षा ठेवणारे नाराज आहेत. दुसरी नाराजी दाणेदारपणाची. हे दाणे फिल्मचेच आहेत, दोष नव्हे. पुसले असते तर वॉटर्सच्या मागच्या धुळीबरोबर चेहऱ्यांवरचा घामही गेला असता. टीव्हीचा ‘नॉइज रिडक्शन’ आणि शार्पनेस शून्यावर आणा, ‘मोशन स्मूदिंग’ पूर्ण बंद करा. ते चालू राहिलं तर कॅमेरा त्या स्पीकरांच्या रांगेमागून संथपणे सरकतो तो अख्खा शॉट मालिकेतल्यासारखा गुळगुळीत दिसतो, आणि खोक्यांवर रंगवलेली ‘पिंक फ्लॉइड, लंडन’ ही अक्षरं कडांशी वितळतात. पिक्चर मोड ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’.

ड्रम आणि काठी यांचा मेळ बसत नसेल तर टीव्ही चित्रावर प्रक्रिया करण्यात वेळ घालवतो आहे आणि आवाज आधी पोहोचतो आहे. रिसीव्हरमध्ये ‘ऑडिओ डिले’ असतो, तो १० मिलिसेकंदांच्या टप्प्याने वाढवत जा. जुळवायला उत्तम जागा ‘वन ऑफ दीज डेज’च. या रचनेच्या चित्रीकरणाची काही रिळं हरवली, त्यामुळे कॅमेरा जवळपास पूर्ण वेळ मेसनवर आहे. तोट्याचा फायदा झाला तो असा. ऐन भरात त्याच्या हातातली एक काठी निसटते. तो बघतही नाही, दुसऱ्या हाताने ठेका चालू ठेवून नवी काठी उचलतो. नव्या प्रतीत हे स्वच्छ दिसतं, आणि ड्रमवाले ही जागा पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघतात.

सर्वांत मोठा वाद पूर्ण चित्रपटातल्या, लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओतल्या तुकड्यांचा. बँडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम मार्च १९७३ मध्ये आला. त्याच्या कामाच्या वेळची दृश्यं मेबनने पुढे जोडली आणि १९७४ मध्ये लांब आवृत्ती निघाली. वॉटर्स सिंथेसायझरची बटणं फिरवतो, राइट पियानोवर बसतो, कॅन्टीनमध्ये मेसन कड नसलेला ॲपल पाय मागतो. माहितीपट म्हणून बहारीचं आहे. पण ‘सॉसरफुल’च्या शेवटच्या ऑर्गनने जी समाधी लावलेली असते, ती या गप्पांनी मोडते. भजनी सप्ताहात भजनाचा पार रंगात आला असताना मध्येच कोणी आभारप्रदर्शन सुरू केलं तर जे होईल, तेच. म्हणून सुरुवातीलाच सांगितलं, तासाभराची आवृत्ती आधी. लांब आवृत्ती दुसऱ्या बैठकीला.

‘एकोज’ चित्रपटात दोन तुकडे करून सुरुवातीला आणि शेवटी ठेवलं आहे, याचीही तक्रार होते. ‘मेडल’ या अल्बमवर ते सलग साडेतेवीस मिनिटांचं. तोडायला नको होतं हे पटतं. पण चित्रीकरण झालं तेव्हा तो अल्बम बाजारात आलेलाही नव्हता हे लक्षात घेतलं, तर वादन किती मुरलेलं आहे याचं आश्चर्य जास्त वाटतं. गिल्मर आणि राइट यांचे दोन आवाज एका ओळीत असे मिसळतात की डोळे मिटले तर कोण कुठला सांगता येत नाही. नव्या मिश्रणात ते जरा पुढे आणले आहेत, आणि इथे विल्सनला पूर्ण गुण.

कुत्रीच्या गाण्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. ‘शेमस’ हेच गाणं, नोब्स नावाची बोर्झोय कुत्री माइकसमोर रडते, गिल्मर माउथ ऑर्गन वाजवतो आणि वॉटर्स गिटार. मुलांना आवडतं. बाकीच्यांनी पुढे ढकलावं.

२००३ ची ‘डायरेक्टर्स कट’ डीव्हीडी कोणी विकत असेल तर जपून. त्यातल्या मुख्य आवृत्तीत अवकाशाची संगणकीय चित्रं घुसवलेली आहेत आणि रुंद पडद्यासाठी फ्रेम वरखाली कापली आहे. मूळ तासाभराची चौकोनी आवृत्ती जोडीला आहे, तीच तिची किंमत. नवी डिस्क परवडत नसेल तर ती चालेल, पण ब्लू-रे असताना दोन्ही ठेवायची गरज संग्राहकांनाच.

पावसाळ्याबद्दल थोडं, कारण इथे डिस्क वापरून खराब होण्याआधी ठेवून खराब होते. जून ते सप्टेंबर उघड्या शेल्फवर ठेवलेल्या डिस्कवर आणि कागदी पुस्तिकेवर बुरशी धरते. हवाबंद डबा, आत सिलिका जेलची पुडी, डिस्क उभ्या. पुडीतले दाणे रंग बदलले की बदला. पुसायची झाली तर मऊ सुती कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ; गोल फिरवून पुसलं तर पडणारा ओरखडा मार्गाच्या दिशेने लांब जातो आणि प्लेअरला तो दुरुस्त करून वाचता येत नाही. प्लेअर आठवड्यातून एकदा तरी तासभर चालवा, म्हणजे आतली दमट हवा निघते. गडगडाट सुरू झाला की प्लग काढाच, आणि डिशची केबलही. स्विच बंद केल्याने भागत नाही. इन्व्हर्टरवर लावून स्पीकरमधून घुरघुर आली तर तो साध्या स्क्वेअर वेव्हचा आहे, सिस्टिमचा दोष नाही.

ज्यांच्याकडे टीव्हीपेक्षा स्टिरिओ सिस्टिम चांगली आहे त्यांनी दोन सीडींचा संच पाहावा. त्यात ‘केअरफुल विथ दॅट ॲक्स’चा दुसरा टेक आणि ‘सॉसरफुल’ची न कापलेली लांब आवृत्ती आहे. ‘सॉसरफुल’साठी आवाज सुरुवातीलाच थोडा कमी ठेवा, वॉटर्स गाँगवर तुटून पडतो तेव्हा रिमोट शोधत बसायला वेळ मिळत नाही, आणि रात्रीचे दहा वाजून गेले असतील तर शेजारीही तयारच असतात.