क्रेंको की रीस? पहिला टोकन डेक निवडताना

मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळात टोकनचा (इतर पत्त्यांमुळे तयार होणाऱ्या सैन्याचा) कमांडर डेक, म्हणजे एका नायक-पत्त्याभोवतीचा डेक, बांधायचं ठरवलं तेव्हा माझ्यापुढे शेवटी दोनच नावं उरली: लाल रंगाचा क्रेंको, मॉब बॉस आणि हिरवा-पांढरा रीस द रिडीम्ड. दोन्ही डेक आमच्या कोथरूडच्या गटात मी भरपूर खेळलो आहे. मॅजिक येणाऱ्यांना 100 पत्ते आणि 40 लाइफ सांगत बसायची गरज नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

वाचायला घेतलं तर रीस सरस वाटतो. 2008 च्या शॅडोमूरमधला हा पत्ता एका मॅनात (मॅना म्हणजे पत्ते खेळायला लागणारी ऊर्जा) पहिल्याच टर्नला उतरतो. 3 मॅना देऊन टॅप केला (आडवा वळवून वापरला) की एक एल्फ वॉरियर. 6 देऊन टॅप केला की तुमच्याकडच्या प्रत्येक क्रीचर (लढणाऱ्या पात्राच्या) टोकनची एकेक प्रत. शिवाय हिरवा आणि पांढरा हाताशी असल्यामुळे डबलिंग सीझन, पॅरलल लाइव्ह्ज, अनॉइंटेड प्रोसेशन असे टोकनं दुप्पट करणारे सगळे डबलर डेकमध्ये बसतात. फक्त हिशोब नीट करावा लागतो. रीस प्रती बनवतो, मूळ टोकनं जागेवरच राहतात. तुमच्याकडे 10 टोकनं आणि एक डबलर असेल तर नवी 20 येतात आणि एकूण 30 होतात, 40 नाही. दोन डबलर असतील तर नवी 40, एकूण 50. टेबलावर यावरून वाद होतो, म्हणून आधीच सांगून ठेवलेलं बरं.

क्रेंको 2012 साली मॅजिक 2013 संचात आला. त्याचं काम एका ओळीचं आहे: टॅप करा, जितके गॉब्लिन तुमच्याकडे आहेत तितके नवे घ्या. तो स्वतः गॉब्लिन असल्यानं 1 चे 2, 2 चे 4, मग 8, 16. मॅना लागत नाही, म्हणजे तो हातातल्या बाकीच्या पत्त्यांसाठी मोकळा राहतो. मोजणी होते ती त्याची क्षमता रिझॉल्व्ह होताना, म्हणजे प्रत्यक्ष अमलात येताना. समोरच्यानं मधेच क्रेंकोला मारलं तरी उरलेल्या गॉब्लिनांइतके नवे मिळतातच. त्यामुळे त्याच्या आधी दोन-तीन स्वस्त गॉब्लिन उतरवून ठेवावेत. त्याची खरी अडचण म्हणजे हेस्ट (उतरल्या टर्नलाच वापरता येण्याची मुभा) नसेल तर एक पूर्ण फेरी जिवंत राहावं लागतं, आणि चौघांच्या टेबलावर ती फेरी फार लांब वाटते.

इथपर्यंत दोघं तुल्यबळ म्हणा, किंवा रीस थोडा पुढे. माझा निर्णय झाला तो टेबलावरच्या मांडणीमुळे.

रीसच्या डेकमध्ये टोकनं एका जातीची राहत नाहीत. एल्फ असतात, सॅप्रोलिंग असतात, सोल्जर असतात. त्यात ॲव्हेंजर ऑफ झेंडिकार उतरला की जितक्या लँड (मॅना देणारे पत्ते) तितकी 0/1 (ताकद/टिकाऊपणा) रोपटी येतात आणि पुढं प्रत्येक लँडमागे सगळ्या रोपट्यांवर एकेक +1/+1 काउंटर. समजा 8 रोपट्यांवर प्रत्येकी 3 काउंटर आहेत आणि तुम्ही रीस वापरलात. प्रतीवर काउंटर उतरत नाहीत. म्हणजे आता 8 रोपटी 3/4 आणि 8 नवी 0/1. आणखी एक लँड टाकली की 8 झाली 4/5 आणि 8 झाली 1/2. डबलिंग सीझन असेल तर रोपटीही जास्त आणि काउंटरही दुप्पट. त्यातली जुनी हल्ला करू शकतात. नवी करू शकत नाहीत, पण ब्लॉक करू शकतात, म्हणजे समोरचा हल्ला अडवू शकतात. हल्ला करून आलेली टॅप आहेत. प्रत्येक जातीचे असे तीन-तीन गट सांभाळायचे, तेही कॅफेतल्या छोट्या टेबलावर, चार डेक आणि चार कपांच्या मधे. एक टर्न मांडून होईपर्यंत बाकीचे तिघं वाट बघत बसतात आणि मग कुणीतरी विचारतोच, "अरे, यातले ब्लॉकला नक्की कोण कोण आहेत?" उत्तर देताना पुन्हा मोजणी. संध्याकाळी दोन डाव व्हायचे तिथं एकच व्हायला लागला, आणि हे मला मनापासून खटकलं. चार माणसं ऑफिस संपवून, कर्वे रोडचा ट्रॅफिक पार करून खेळायला येतात. त्यांचा वेळ माझ्या मोजणीत जावा हे मला पटत नाही.

क्रेंकोचे गॉब्लिन सगळे एकसारखे, लाल, 1/1. मी पूजासाहित्याच्या दुकानातून कवड्या आणल्या आहेत. कवडी उताणी म्हणजे अनटॅप, पालथी म्हणजे टॅप. या टर्नला आलेल्या गॉब्लिनांसाठी चिंचोके ठेवतो आणि माझी पुढची टर्न सुरू झाली की त्यांच्या जागी कवड्या मांडतो. आकडा फार वाढला तर कागदावर लिहितो. समोरच्याला लांबूनही सगळं दिसतं.

रीसचा डेक फक्त एल्फ आणि सॅप्रोलिंगवर चालवून हा पसारा कमी करता येतो, हे खरं. पण मग त्याच्या प्रत करण्याच्या क्षमतेतली अर्धी मजा जाते, असं मला वाटतं.

बोर्ड वाइपचं (टेबलावरचं सैन्य एकदम साफ करणाऱ्या पत्त्यांचं) म्हणाल तर तिथं रीस पुढे आहे. कमांडर टॅक्स (पुन्हा उतरवताना लागणारा जादा मॅना) लागूनही तो 3 मॅनात परत येतो. क्रेंकोला 6 लागतात, मग 8. पांढऱ्यात टेफेरीज प्रोटेक्शन आहे, ते हातात परत पाठवणाऱ्या सायक्लॉनिक रिफ्टपासूनही वाचवतं. टोकन हातात परत गेलं की संपलंच, त्यामुळे ओव्हरलोड केलेला (एकाऐवजी सगळ्यांवर चालवलेला) रिफ्ट आपल्याला साध्या वाइपइतकाच महाग पडतो. क्रेंकोकडे वाचवणारं फारसं काही नाही, पण वसूल करणारं आहे. गॉब्लिन बॉम्बार्डमेंट असेल तर वाइपला उत्तर म्हणून एकेक गॉब्लिन सॅक्रिफाइस करून प्रत्येकी 1 डॅमेज देता येतं. इम्पॅक्ट ट्रेमर्स असेल तर प्रत्येक गॉब्लिन उतरतानाच सगळ्या प्रतिस्पर्ध्यांना 1 देऊन मोकळा झालेला असतो.

तुमचा गट निवांत असेल, टेबल मोठं असेल आणि तऱ्हेतऱ्हेची टोकनं मांडण्यातच तुम्हाला आनंद वाटत असेल, तर रीस जरूर बांधा; डेक उत्तम आहे. पण आठवड्याची एकच संध्याकाळ मिळत असेल, तर मी क्रेंकोकडे बोट दाखवीन. लाइटनिंग ग्रीव्ह्ज सुरुवातीलाच घ्या, त्यानं हेस्टचा प्रश्न सुटतो. आणि क्रेंकोला दोनदा वापरायची सवय लावून घ्या: एकदा तुमच्या उजवीकडच्याची टर्न संपता संपता, मग अनटॅप झाल्यावर स्वतःच्या टर्नमध्ये. पहिल्या वेळी आलेले गॉब्लिन लगेच हल्ला करू शकतात, कारण तुमची टर्न सुरू झाली तेव्हा ते तुमच्याकडे होतेच.