घरामागच्या उताराला फायबरचे सॉइल नेल, यवतेश्वर रोड, सातारा

घरामागची माती दर पावसाळ्यात थोडी थोडी सुटायची, म्हणून इथल्याच एका काँट्रॅक्टरकडून ग्लास फायबरचे सॉइल नेल, म्हणजे माती धरून ठेवायला उतारात आत घालतात ते लांब बार, मारून घेतले. स्टीलच्या साधारण पाव वजनाचे बार, पोरांनी खांद्यावरनं वर नेले, आणि गंजायचा विषयच नाही. ड्रिल मारून, बार मधोमध राहावा म्हणून स्पेसर लावून, होलच्या तळापासनं ग्राउट (सिमेंटचं पातळ मिश्रण) भरत आले, हे काम एक नंबर! फक्त हा बार साइटवर वाकवता येत नाही, बारच्या बाहेरच्या टोकाला बसणारे प्लेट-नट आधीच मापात मागवा, आमचं काम त्यातच अडलं. आणि पाणी काढायचे पाइप कोटेशनमध्ये धरलेच नव्हते, मागं लागून टाकून घ्यावे लागले, तेवढं आधी लिहून घ्याच, आत पाणी तुंबलं तर कसलाही नेल असू दे, उतार सुटणारच.