झाडावरचा कांगारू की पाचोळ्यातला?

ऑस्ट्रेलियातल्या केर्न्सहून गिलीज हायवेची वळणं चढून ॲथर्टनच्या पठारावर पोचलात आणि हाताशी दोनच दिवस असले, तर ठरवावं लागतं: लेन्स वर धरायची की खाली? वर लुमहोल्ट्झचा वृक्ष-कांगारू, खाली मस्की रॅट-कांगारू. दोघंही पोटाशी पिशवी असणारे, दोघंही ईशान्य क्वीन्सलँडच्या याच ओल्या रानातले, दोघंही लाजरे. फक्त लाजायची तऱ्हा निराळी.

वृक्ष-कांगारू एकदा सापडला की कुठे जात नाही. ५ ते १० किलोंचा हा गडी दिवसा फांदीच्या बेचक्यात अंगाचं मुटकुळं करून बसतो, तो तासन्‌तास तसाच. नाव नॉर्वेच्या कार्ल लुमहोल्ट्झचं. इथले मूळ रहिवासी त्याला माबी म्हणतात आणि तो राहतो त्या रानालाही माबीच. युंगाबुराजवळ कर्टन फिग या अवाढव्य झाडाभोवतीची लाकडी पायवाट किंवा मलांडा धबधब्याचा परिसर, दोन्हीकडे संधी असते. अंग शोधू नका, शेपूट शोधा. पानांतून सरळ खाली लोंबणारी लांब शेपूट आधी दिसते.

भीमाशंकरला शेकरू टिपलेल्यांना पुढची कटकट सांगायला नको. मागे पांढरं आभाळ, पुढे काळा गोळा. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, एक-दीड स्टॉप वाढवा. आभाळ जळेल, जळू द्या. माझ्या पहिल्या दुपारी मान मोडेस्तोवर ४० फोटो काढले, त्यातल्या ३८ मध्ये पाठ होती. अंधार पडल्यावर तो हलतो, पण तेव्हा फ्लॅश मारू नये. बॅटरी मंद आणि लाल काचेची हवी. मग फोटो दाणेदार येतो हे मान्य करून टाकायचं.

रॅट-कांगारूचं उलट. जेमतेम अर्धा किलोचा, कांगारूंच्या गोतात सगळ्यात लहान, आणि दिवसाउजेडी हिंडणारा. दोन पायांवर टुणटुणत नाही, चारही पायांवर पळतो. लेक ईचमच्या काठची वाट त्याच्यासाठी उत्तम. मात्र पाठलाग केलात की संपलं. फळं गळत असतील अशा झाडाखाली बसा, कॅमेरा जवळजवळ जमिनीला टेकवा, शटरचा आवाज बंद करा. आधी पाचोळा खसपसतो, मग ओलसर तपकिरी पाठ दिसते, मग तो मागच्या पायांवर बसून पुढच्या दोन हातांत फळ धरतो. ते चार-पाच सेकंद तुमचे. आयएसओ ६४०० आणि शटर १/२५० आधीच लावून ठेवलं नसेल, तर गेलं.

लोक वृक्ष-कांगारूसाठी येतात, नाव मोठं आहे ना. ‘पाहिला’ म्हणायचं असेल तर तोच बघा. भिंतीवर लावण्याजोगा फोटो हवा असेल, तर माझं मत खालच्याला: डोळ्याला डोळा भिडतो, मागे आभाळ नसतं. ४०० मिमीची लेन्स नसेल तर वरच्याचा विचारच करू नका. माझा क्रम असा: दोन्ही सकाळी ईचम, उरलेला वेळ माबीला.

फक्त पालथं पडण्याआधी आजूबाजूची रुंद, हृदयाकार, लवदार पानं बघून घ्या. जिम्पी-जिम्पीच्या पानाचा दंश महिनोन्‌महिने ठणकू शकतो. जळवांचं काय, पावसाळ्यात आंबोली केलेल्यांना त्या नव्या नाहीत.