गिळायला त्रास: गळ्याला करंट की मानेचे व्यायाम?

मावसभावाचा फोन आला. पक्षाघातानंतर मावशीला साधा चहा पितानाही ठसका लागतो. कोणी मशीन सुचवतंय, कोणी व्यायाम. काय करू?

खर्चात व्यायाम स्वस्त, मेहनतीत महाग. शेकर व्यायामात उताणं झोपून, खांदे न उचलता, फक्त डोकं वर करून पायाची बोटं पाहायची. एक मिनिट धरायचं, असं तीनदा; मग 30 वेळा झटपट. दिवसातून तीनदा, सहा आठवडे! मान दुखणाऱ्या म्हातारीला हे झेपत नाही. तिने बसून हनुवटीखाली मऊ चेंडू दाबावा.

मशीनमध्ये गळ्यावर चकत्या चिकटवून सौम्य करंट देतात, साधारण 30 ते 60 मिनिटं. प्रत्येक सत्राचे पैसे. नुसतं लावून टीव्ही बघत बसणं फुकट. विश्रांतीत करंट कधी कधी गळ्यातलं कंठास्थी (गिळताना वर उचललं जाणारं छोटं हाड) खालीच ओढतो. त्या ओढीविरुद्ध जोर लावून गिळलं, तरच तो व्यायाम. पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

पुरावा? उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2018 मध्ये या मशीनबद्दल म्हटलं: पक्षाघातानंतर फायदा संभवतो, पण पुरावा तोकडा; इतर कारणांसाठी फक्त संशोधनातच वापरा.

सूचना समजणाऱ्या, चिकाटीच्या माणसाला व्यायाम पुरे. पक्षाघातानंतर गिळणं फारच कमजोर असेल आणि वाचा-गिळण तज्ज्ञ समोर बसून गिळवून घेणार असेल, तर व्यायामाच्या जोडीला मशीन. विसराळूपणा वाढलेल्यांना दोन्ही अवघड. तिथे जरा घट्ट केलेली पेयं, ताठ बसणं आणि छोटे घोट. मावशीची आधी गिळण्याची तपासणी करून घे, असंच त्याला सांगितलं.