बहात्तर की अठ्ठेचाळीस? माझं तर मिगच्या नाकानेच ठरवलं

सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलाने चंदिगडला मिग-२१ या लढाऊ विमानाला निरोप दिला, तेव्हापासून ओळखीतल्या तीन जणांनी मला एकच प्रश्न विचारलाय. तिघंही पंचेचाळिशीच्या आसपासचे, शाळेत असताना प्रत्येकाने एखाद-दुसरं प्लॅस्टिकचं विमान चिकटवलेलं, नंतर दहावी-बारावी-नोकरी-लग्न यात सगळं माळ्यावर गेलं, आणि आता टीव्हीवर ते शेवटचं उड्डाण बघून हात शिवशिवायला लागलेत. मिग-२१ च बनवायचंय हे पक्कं आहे, फक्त १/७२ घ्यायचं का १/४८, म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढं की अठ्ठेचाळिसाव्या, इथे गाडी अडलीय. प्रत्येकाला फोनवर अर्धा-अर्धा तास सांगून झालं, म्हणलं एकदा लिहूनच टाकू.

आधीच सांगतो, मी दोन्ही स्केलमध्ये बनवलीत. १/४८ ची पाच, १/७२ ची चौदा की पंधरा. म्हणजे मी काही फार मोठा मॉडेलर वगैरे नाही, स्पर्धेत कधी ठेवली नाहीत, शिवाय माझा सांधा अजूनही पुट्टीशिवाय जुळत नाही. त्यामुळे हे सगळं एका घरच्या टेबलावरचं मत समजा.

माझं मूळ ओझरचं. म्हणजे माझं नाही, मामाचं. मामा नाशिकजवळच्या ओझरला एचएएल या विमान कारखान्यात होता आणि मे महिन्याची सुट्टी म्हणजे ओझरची कॉलनी हे ठरलेलं. तिथे मिग-२१ ची एफएल, एम आणि बिस अशी तिन्ही रूपं बनली हे मला फार नंतर कळलं, तेव्हा इतकंच माहीत की दुपारी सगळे झोपले की एकदम छप्पर हलल्यासारखा आवाज यायचा आणि मामी झोपेतच कूस बदलायची. एका सुट्टीत मामाने मुंबईहून मॅचबॉक्स कंपनीचं विमानाचं किट आणून दिलं, ते दोन-तीन रंगांच्या प्लॅस्टिकचं असायचं, रंग नाही दिला तरी विमान विमानासारखं दिसायचं. मी कॅनोपी, म्हणजे पायलटच्या डोक्यावरची काच, चिकटवताना आतून अंगठ्याचा ठसा उमटवला, तो कायमचा. आजही नवीन किटची कॅनोपी हातात घेतली की आधी अंगठा पुसतो.

तर ते किट १/७२ चं होतं, आपल्यापैकी बहुतेकांचं तेच असणार. सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो असं ते माप. त्यामुळे बहात्तरकडे माझा थोडा ओढा आहे हे कबूल, पण पुन्हा सुरुवात केली तेव्हा मी सरळ १/४८ घेतलं होतं. कारण सगळे तेच सांगत होते. आता चाळिशीचा चष्मा लागलाय, बारीक पार्ट दिसणार नाहीत, मोठं घे. आणि ते अगदी चुकीचं नव्हतं.

अठ्ठेचाळीसची मजा कॉकपिटमध्ये आहे. एडुआर्ड या किटच्या कंपनीने २०११ मध्ये १/४८ चं मिग-२१ एमएफ आणलं, माझं पहिलं तेच, आणि आपल्या टाइप ९६ च्या, म्हणजे एमच्या, ते बऱ्यापैकी जवळ जातं. त्यातला तो रशियन हिरवट-निळा कॉकपिट रंगवायला मला तीन आठवडे लागले आणि एक मिनिटही वाया गेलं असं वाटलं नाही. सीटचे पट्टे, डायल, बाजूची बटणं, सगळं नीट दिसतं. पत्र्यांच्या जोडांच्या रेषांमध्ये, म्हणजे पॅनल लाइनमध्ये, वॉश म्हणजे पातळ गडद रंग सोडला की तो रेषेतून पळत जातो ना, ते बघायला मी बायकोला स्वयंपाकघरातून बोलावलं होतं. ती म्हणाली छान आहे आणि परत गेली, भाजी लागत होती.

बहात्तरमध्ये हे सुख निम्म्यानेही नाही. कॅनोपी बंद केली की आत तुम्ही काय केलं ते तुम्हालाच माहीत. आणि पार्ट उडतात. अँगल ऑफ अटॅकचा, म्हणजे हवेचा कोन मोजणारा, तो इवलासा पंखा चिमट्यातून सुटला तो टिक्क असा आवाज करून गेला, अर्धा तास मी मोबाइलचा टॉर्च घेऊन सतरंजीवर पालथा, शेवटी दोन दिवसांनी मोज्याला चिकटलेला सापडला. डोळ्यांचं मात्र मी जितकं घाबरलो होतो तितकं झालं नाही. डोक्याला लावायचं भिंग मिळतं ते घेतलं आणि प्रश्न संपला. उलट भिंग दोन्ही स्केलला लागतंच, अठ्ठेचाळीसमध्ये पार्ट मोठे असतात तसे जास्तही असतात, आणि त्यातले बारीक ते बारीकच असतात. म्हणजे 'डोळे गेलेत म्हणून अठ्ठेचाळीस' हा मुद्दा माझ्यापुरता तरी बाद.

रंगाचं थोडं सांगतो कारण हे कोणी आधी सांगत नाही. लांबी दीडपट झाली की पृष्ठभाग सव्वादोन पट होतो. ब्रशने रंगवणाऱ्या माणसाला हे फार जाणवतं. एफएल रंगवताना तो उघड्या धातूचा चंदेरी रंग द्यायचा असेल तर बहात्तरच्या पंखावर चार-सहा हात मारले की एक बाजू ओली असतानाच पुरी होते. अठ्ठेचाळीसला दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक सुकायला लागलेलं असतं आणि मग तो पट्टा दिसतो, घासा आणि परत मारा. म्हणजे अठ्ठेचाळीस घेतलं की आज ना उद्या एअरब्रश आलाच, एअरब्रश आला की कंप्रेसर आला. माझा कंप्रेसर फार मोठा नाही तरी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी लिफ्टमध्ये अगदी प्रेमाने विचारलं, मिक्सर बिघडलाय का हो तुमचा, रात्री किती ओरडतो.

पैशाचा मुद्दा आहेच. आपल्याकडे किट खेळण्यात धरतात आणि खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०. ड्युटी किमतीवर बसते, त्यामुळे मूळ किमतीतला फरक घरी येईपर्यंत आणखी फुगतो, वर खोका मोठा म्हणून कुरियर वेगळं. आकडे सांगत नाही, रोज बदलतात, पण माझ्या अनुभवात एका अठ्ठेचाळीसमध्ये दोन बहात्तर आरामात बसतात आणि बाटलीभर रंगही येतो. तरी खरं सांगू का, पैशाने माझं ठरलं नाही. वर्षाला दोन-तीन किट बनवणारा माणूस मी, तेवढं निघतं.

माझं ठरवलं पिटोट ट्यूबने.

मिग-२१ च्या नाकासमोर वेग मोजायला ती जी लांब काडी असते ती. एफ-१३ या जुन्या मिग-२१ ला ती नाकाच्या खाली होती, एफएलला वर मधोमध आली, एम आणि बिसला वरच पण उजवीकडे सरकली, पाहणाऱ्याला काडीवरूनच मिग ओळखता येतं. त्यामुळे ती हवीच, काडी नसलेलं मिग म्हणजे सोंड नसलेला गणपती.

आता माझी शोकेस. सुताराने बनवलेली, बाहेरून एक फूट खोल, मागची प्लाय आणि काचेची पट्टी वजा जाता आत सत्तावीस सेंटिमीटर. १/४८ चं मिग-२१ काडीसकट साधारण तीस सेंटिमीटर भरतं. हे मी मोजलं नव्हतं. कोण मोजतं? विमान तयार झालं, डेकल म्हणजे खुणांचे स्टिकर बसले, वरून मॅट कोट मारला, रात्री साडेअकराला मोठ्या कौतुकाने मधल्या फळीवर नाक समोर करून ठेवलं, दोन पावलं मागे येऊन पाहिलं, आणि काच सरकवली. टक्. सरकती काच बरोबर काडीवरून गेली. तो आवाज मला अजून ऐकू येतो. काडी फळीवर पडली, तिथून सोफ्याखाली.

ठीक आहे म्हणलं, इंजेक्शनच्या सुईची बनवू, बरेच जण बनवतात, जाड सुईत बारीक सुई सरकवायची. मेडिकलवाल्याने दोन मापांच्या सुया मागितल्यावर ज्या नजरेने पाहिलं ते सोडून द्या. सुईची काडी झकास झाली, प्लॅस्टिकपेक्षा सरस, आणि काच उघडी ठेवायची असं ठरलं. काच उघडी म्हणजे धूळ, आमचं घर रस्त्याला लागून, आठ दिवसांत चंदेरीचं राखाडी. मग मावशींनी फडकं मारलं. संध्याकाळी घरी आलो तर दारातच, "दादा, त्या विमानाचं टोक आधीच वाकलेलं होतं बरं का, मी नुसतं सरळ करायला गेले." काय बोलणार. काडी सुईची, ती काही तुटली नव्हती, नाकाचा तुकडा घेऊन निघाली होती.

बायको म्हणाली, "अहो आडवं ठेवा ना." आडवं ठेवलं. फळी अडीच फुटांची, आडवी दोनच विमानं मावतात, आणि त्यातही एकाची काडी दुसऱ्याच्या शेपटीत. शेजारी हंटर विमान ठेवलं होतं, ते काढायला हात घातला आणि तिसऱ्यांदा गेली. या वेळी मीच.

तुम्ही म्हणाल सुताराला सांगून खोल शोकेस करून घे. विचारलं. भिंत आणि दरवाजा यांच्यात जागा नाही, दरवाजा पूर्ण उघडणार नाही. टू बीएचकेमध्ये मिगसाठी दरवाजा अडवायचा म्हणजे मलाही जरा जास्तच वाटलं. घरात बोलून दाखवायची हिंमत झाली नाही ते वेगळं.

त्याच सुमाराला एडुआर्डचं १/७२ चं एमएफ घेतलं, ते २०१८ मध्ये आलंय, म्हणजे आपल्या लहानपणच्या बहात्तरसारखं ओबडधोबड नाही, रेषा इतक्या नाजूक की रंग जाड दिला तर बुजतात. काडीसकट वीस सेंटिमीटर. नाक समोर, काच बंद, पुढे सात सेंटिमीटर मोकळे. पंखांचा पसारा दहा सेंटिमीटर, म्हणजे एका फळीवर सहा मिग ओळीने उभी राहतात. सध्या चार आहेत, दोन चंदेरी, दोन ७१ च्या युद्धाच्या वेळचा घाईघाईत मारलेला कॅमोफ्लाज असलेली. तो कॅमोफ्लाज ब्रशने मारला तर उलट जास्त खरा दिसतो. चारही नाकं एका रेषेत काचेमागे, सकाळी चहा घेताना उन्हाची तिरीप पडते तेव्हा ओझरच्या कुंपणाबाहेर सायकल टेकवून उभा असल्यासारखं वाटतं. हे अठ्ठेचाळीसच्या एकट्या मिगकडे पाहून मला कधी वाटलं नाही, आता हे मोजमापात कसं मांडायचं ते मला माहीत नाही.

आणि मिगवरच थांबणार नाही तुम्ही, कोणी थांबत नाही. मग नॅट हे छोटं लढाऊ विमान हवं, ते बहात्तरमध्ये बारा सेंटिमीटर, तळहातावर मावतं. फक्त बघून घ्या, नॅट म्हणून बरेचदा दोन सीटांचं ट्रेनर विकायला असतं, आपलं लढाऊ नॅट एका सीटचं. मग पुण्यात राहत असाल तर कधीतरी लोहगावच्या आठवणीने सुखोई-३० हवंसं वाटेल. ते बहात्तरमध्येच एक फूट होतं, अठ्ठेचाळीसमध्ये दीड फूट. दीड फूट. कुठे ठेवणार? कोणाला एएन-३२ या मालवाहू विमानाची हुक्की आली तर त्याचे पंख बहात्तरमध्येच चाळीस सेंटिमीटर जातात, तिथे माझीही शोकेस हरली, ते तिच्यात आडवंही बसणार नाही.

तरी अठ्ठेचाळीस घेऊच नका असं मी म्हणत नाहीये. वर्षातून एकच विमान बनवायचं असेल, कॉकपिटमध्येच जीव अडकत असेल, एअरब्रश आधीपासून घरात असेल आणि मुख्य म्हणजे पस्तीस सेंटिमीटर खोल बंद शोकेस असेल तर बिनधास्त अठ्ठेचाळीस. माझ्या तीन फोनवाल्यांपैकी एकाचा स्वतःचा बंगला आहे नाशिकला, त्याला मी तेच सांगितलं. बाकी दोघांना म्हणलं, पट्टी घ्या आणि आधी कपाट मोजा, मग किट बघा. एकाने मोजलं, पंचवीस निघाले. त्याने बहात्तरच मागवलं.

माझं ते पहिलं अठ्ठेचाळीस टाकवत नाही. चौथी काडी लावून ते आता पुस्तकांच्या रॅकच्या वर ठेवलंय, शेपूट खोलीकडे आणि नाक भिंतीकडे, म्हणजे कोणाचा धक्का लागायला नको. खालून फक्त इंजिनाचं भोक दिसतं. परवा मावशी खुर्चीवर चढून जाळी काढत होत्या, तिथूनच विचारलं, "दादा, हे विमान भिंतीतून पलीकडे चाललंय का?"