मूळ पार्टच्या नावाखाली घड्याळाचे मशीनच बदलले

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातल्या कित्येक मराठी घरांत आजोबा-पणजोबांची चावीची खिशातली घड्याळे आजही कपाटात जपून ठेवलेली आहेत. अशा घड्याळांचे मिळेनासे झालेले भाग मिळवून देतो असे सांगणाऱ्या महाराष्ट्रातल्या एका विक्रेत्याने आमच्या घड्याळाचे मशीनच काढून घेतले. हाच माणूस आमच्या ओळखीतल्या इतरांनाही फोन करू लागल्याचे कळल्यामुळे झालेला प्रकार सविस्तर लिहीत आहे.

आमचे आजोबा लोंढा जंक्शनला मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेत गार्ड होते. १९५१ मध्ये ती रेल्वे दक्षिण रेल्वेत विलीन झाली, तेव्हाही त्यांच्या खिशात हेच घड्याळ होते. पांढऱ्या मिन्याच्या डायलवर ‘वेस्ट एंड वॉच कंपनी, बॉम्बे–कलकत्ता’ अशी अक्षरे, खाली सेकंदाचे छोटे वर्तुळ आणि आत १५ ज्वेलचे, म्हणजे घर्षण कमी करणारे १५ छोटे खडे बसवलेले, स्विस मशीन होते. वडिलांच्या हातून ते फरशीवर पडले आणि बंद झाले. खडेबाजारातल्या ज्या घड्याळजींकडे आमच्या घराची घड्याळे पूर्वीपासून जातात, त्यांनी भिंगाखाली बघून बॅलन्स स्टाफ मोडल्याचे सांगितले. बॅलन्स म्हणजे मागेपुढे झुलत घड्याळाची चाल राखणारे चाक, आणि हा स्टाफ म्हणजे त्याचा आस. त्याची टोके जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाडीची असतात, आणि धक्का सोसणारी इनकाब्लॉकसारखी व्यवस्था १९३० च्या दशकानंतर रुळली असल्याने त्याआधीच्या घड्याळांचा स्टाफ एका पडण्यात जातो. ‘पार्ट मिळाला तर बसवून देतो, नाहीतर लेथवर घडवणारा कारागीर बघावा लागेल,’ असे त्यांनी सरळ सांगितले आणि पावतीवर मशीनचा नंबर व ज्वेलची संख्या लिहून दिली. त्या पावतीचे महत्त्व पुढे कळले.

निपाणीतल्या एका परिचितांकडून या विक्रेत्याचा नंबर मिळाला. बोलणे अतिशय आदबीचे होते. ‘वेस्ट एंडचा ओरिजिनल स्टाफ माझ्याकडे पाकीटबंद आहे,’ असे सांगून त्याने जुन्या पिवळट कागदी पाकिटाचा फोटो पाठवला आणि यूपीआयवरून ४,५०० रुपये आगाऊ घेतले. पैसे पोहोचल्यावर त्याचा सूर बदलला. स्टाफ बसवायचा तर त्यावरची रोलर नावाची चकती आणि हेअरस्प्रिंग ही बारीक स्प्रिंग उतरवावी लागते, नवा स्टाफ चाकाला ठोकून पक्का (रिव्हेट) करून त्याचा तोल साधावा लागतो, हे काम तुमच्याकडे होणार नाही, तेव्हा अख्खे घड्याळच पाठवा, असे तो म्हणू लागला. कामाचे हे वर्णन अक्षरशः खरे आहे, आणि फसवणुकीचे मर्म नेमके तिथेच आहे, कारण जाणकाराला विचारले तरी तोही ‘बरोबर सांगतोय’ असेच म्हणेल. आमच्या घड्याळजींनीही तसेच सांगितले, म्हणून घड्याळ कुरिअरने रवाना झाले.

परत आले ते चालू स्थितीत. घरात सगळ्यांना आनंद झाला. वडिलांनी तर ते कितीतरी वेळ कानाला लावून ठेवले होते. मात्र सेकंदाचा काटा आपल्या वर्तुळाच्या मधोमध फिरत नव्हता. तो सहाच्या बाजूला सरकलेला होता आणि टोक छापील रेघांच्या बाहेर जात होते. खडेबाजारात घड्याळ उघडले तेव्हा डायल हलक्या हाताने उचलूनही सुटेना. मिन्याच्या डायलला मागून तांब्याचे पाय असतात. ते मशीनच्या ठरलेल्या छिद्रांत बसतात आणि कडेच्या स्क्रूने आवळले जातात. इथे ते पाय मुळापासून कापून कानशीने घासलेले होते, आणि डायल पिवळ्या गोंदाने चिकटवलेली होती. आठच्या आकड्यापासून कडेपर्यंत मिन्याला केसासारखी तडाही गेली होती. ‘हे तुमचं मशीन नव्हे हो, दुसरंच घातलंय, बघा की,’ असे म्हणत त्यांनी पावती समोर ठेवली. आतल्या ७ ज्वेलच्या हलक्या मशीनवर पावतीतला नंबर नव्हताच. सुटा भाग विकून मिळाले असते त्याहून कितीतरी जास्त पैसे त्याला आमच्या १५ ज्वेलच्या मशीनचे मिळणार, हा सगळा हिशेब तेव्हा उलगडला.

मुळात ‘वेस्ट एंडचा स्टाफ’ या शब्दांवरच संशय यायला हवा, असे आमच्या घड्याळजींचे आता म्हणणे आहे, आणि ते मला पटते. डायलवर हे नाव असले, तरी या घड्याळांतली मशीने स्वित्झर्लंडमधल्या लाँजिनसारख्या निरनिराळ्या कारखान्यांतून आलेली आहेत. त्यामुळे पार्ट डायलवरच्या नावाने जुळत नाही. त्यासाठी कॅलिबर, म्हणजे मशीनच्या प्रकाराचा क्रमांक, बघावे लागते, आणि ते बहुधा बॅलन्सच्या खाली किंवा डायलमागच्या प्लेटवर कोरलेले असते. खरा विक्रेता आधी या जागेचा फोटो मागतो, मग मोडक्या स्टाफची लांबी आणि टोकांची जाडी विचारतो. मेनस्प्रिंग, म्हणजे चावीने गुंडाळली जाणारी मुख्य स्प्रिंग, हवी असेल तर तिची रुंदी, जाडी, लांबी आणि टोकाच्या हुकाची घडण विचारतो. या माणसाने यांतले काहीच विचारले नाही. घड्याळ कोणाच्याही हाती देण्याआधी मशीनच्या दोन्ही बाजूंचे, नंबर स्पष्ट वाचता येईल असे फोटो काढावेत आणि तोच नंबर घेणाऱ्याकडून पावतीवर लिहून घ्यावा. शक्य असेल तर केस आणि डायल घरीच ठेवून फक्त बॅलन्सचे चाक पाठवावे.

जाब विचारल्यावर त्याने ‘केस करायची तर आमच्याकडे येऊन करा, तुम्ही कर्नाटकातले,’ असे ऐकवले. सीमेपलीकडचा माणूस हेलपाटे घालायला येणार नाही, यावरच त्याची भिस्त आहे. ती खोटी आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथल्याच जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि मुदत २ वर्षांची असते. आम्ही बेळगावातच तक्रार दाखल केली असून पावती, संदेश, कुरिअरची नोंद आणि कापलेल्या पायांचे फोटो जोडले आहेत. आगाऊ रकमेबद्दल १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवले आहे, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची फिर्याद पोलीस ठाण्यात दिली आहे.

आयोगाची नोटीस त्याला लागू झाली आहे. उत्तर अजून आलेले नाही. या व्यवहारात असाच अनुभव आलेल्यांनी आपापली पावती आणि संदेश सांभाळून ठेवावेत व मुदतीच्या आत तक्रार नोंदवावी, कारण एकाच माणसाविरुद्ध अनेक ठिकाणच्या तक्रारी पुढे आल्या तर ‘ते मशीन आधीपासून तसेच होते’ हा त्याचा बचाव टिकणे कठीण होईल.