गाडी घेऊन युरोपात फिरायचं तर फॉरेक्स कार्ड की क्रेडिट कार्ड?

निपाणीचे आमचे एक स्नेही येत्या उन्हाळ्यात पत्नीसह जर्मनीत मुलाकडे निघालेत. तिथून गाडी भाड्यानं घेऊन ऑस्ट्रियामार्गे इटलीत उतरायचा त्यांचा बेत आहे. आम्ही दोघं गेल्या सप्टेंबरात लेकीकडे म्युनिकला गेलो होतो, तेव्हा हाच रस्ता धरला होता. म्हणून त्यांनी मला फोन केला. "विमान, व्हिसा सगळं झालं हो, पण पैसे कशावर न्यायचे? फॉरेक्स कार्ड भरून नेऊ, की क्रेडिट कार्डच चालवू?" फोनवर अर्धवटच सांगून झालं, म्हणून हे सविस्तर लिहितोय. बेळगाव-खानापूर भागातून मुलांकडे जाणारे आमच्या वयाचे बरेच जण आता तिकडे स्वतः गाडी चालवतात, त्यांनाही उपयोग व्हावा.

फॉरेक्स कार्ड म्हणजे इथूनच परकीय चलन आधी भरून न्यायचं प्रीपेड कार्ड. आम्ही दोन्ही कार्डं नेली होती. फॉरेक्स कार्डावर ९०० युरो भरले होते, आणि क्रेडिट कार्ड अडीअडचणीला म्हणून पाकिटाच्या मागच्या कप्प्यात होतं. परत आलो तेव्हा माझं मत बरोबर उलटं झालं होतं. पण फॉरेक्स कार्ड वाईट असं मी म्हणणार नाही. त्याची बाजू आधी सांगतो.

पहिली गोष्ट मनःशांतीची. युरो ज्या भावानं भरले त्याच भावानं खर्च होतात. रोज सकाळी उठून आज युरो किती झाला हे बघावं लागत नाही. दुसरं, हरवलं तरी त्यात जेवढे आहेत तेवढ्यांचीच धास्ती. माझ्या पत्नीला दुकानात, ट्रामच्या तिकिटाला, कॉफीला हेच कार्ड सोयीचं वाटलं. किती उरले हे ॲपमध्ये दिसतं आणि हात आपोआप आखडता राहतो. क्रेडिट कार्डावर मात्र साधारणपणे साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे परकीय चलनातल्या खर्चावर बँकेचा जादा आकार, लागतो आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे लाख रुपये खर्च केले तर ४,१३० रुपये वरचे. ही रक्कम लहान नव्हे. मार्कअप न घेणारी किंवा दोन टक्के घेणारी कार्डंही आता मिळतात, पण ती आधी शोधून, वेळेत काढून ठेवावी लागतात. अर्थात फॉरेक्स कार्डही फुकट नसतं. भरतानाच बँकेचा भाव बाजारभावापेक्षा थोडा चढा असतो, तो वेगळा दिसत नाही इतकंच. आणि युरो भरलेलं कार्ड स्वित्झर्लंडमध्ये फ्रँकसाठी वापरलं तर चलनबदलाचा आकार पुन्हा लागतो.

तेव्हा नुसता पैशाचा हिशेब केला तर दोन्हींत उन्नीस-बीस. निदान मला तरी तेवढाच फरक जाणवला. फरक पडला तो पेट्रोल पंपावर.

आपल्याकडे पंपावर गाडी लावली की "झिरो बघा" किंवा "झिरो नोडी सर" ऐकू येतं, नळी दुसरा माणूस धरतो, आणि आपण खिडकीतून क्यूआर कोड स्कॅन करतो. युरोपात बहुतेक ठिकाणी नळी आपल्याच हातात. जर्मनीत आणि ऑस्ट्रियात त्याची रीत मला फार आवडली. आधी टाकी भरायची, मग आत दुकानात जाऊन आपल्या पंपाचा नंबर सांगायचा आणि पैसे द्यायचे. आधी कुणी काही मागत नाही. मी "फ्युन्फ" म्हटलं की काउंटरवरची बाई पाच नंबरची रक्कम दाखवायची. इथं फॉरेक्स काय, क्रेडिट काय, दोन्ही सारखीच चालतात, कारण रक्कम ठरल्यावर कार्ड लागतं. फक्त जर्मनीत महामार्गावरच्या पंपाला टाळून दोन-तीन किलोमीटर गावात शिरा. दरात चांगला फरक असतो.

दराच्या बाबतीत सीमाभागातल्या माणसाला फारसं शिकवावं लागत नाही. कोल्हापूरला जाताना कोगनोळीच्या अलीकडे भरायचं की पलीकडे, हे आपण ज्या त्या वेळचा दर बघून ठरवतोच. गोव्याहून चोर्ला घाटानं येताना टाकी भरूनच घाट चढायचा, हे तर अंगवळणी पडलेलं. म्युनिकहून ब्रेनर खिंडीकडे निघालो तेव्हा जावई म्हणाले, इन्सब्रुकला भरून घ्या, पुढे इटलीत महाग आहे. मी म्हटलं, हे तर आमचं चोर्ल्याचंच गणित.

तिकडे पेट्रोल-डिझेल ओळखायलाही आता सोपं आहे. २०१८ पासून युरोपीय संघात पेट्रोलला गोलातलं चिन्ह असतं, ई५ किंवा ई१०, आणि डिझेलला चौकोनातलं, बी७. गाडीच्या टाकीच्या झाकणाच्या आतही तेच चिन्ह असतं, ते जुळवून बघायचं. इटलीत पेट्रोल म्हणजे 'बेंझिना' आणि डिझेल म्हणजे 'गॅसोलिओ'. फ्रान्समध्ये डिझेलला 'गाझोल' म्हणतात. आपल्या कानाला गॅसोलिओ हे नाव पेट्रोलसारखं वाटतं, तिथं सांभाळा.

आता ज्या दुपारनं माझं मत बदललं ती सांगतो.

व्हेनिसहून वेरोनाला परतत होतो. रविवार, दुपारचे दोन वाजले असतील. महामार्गावर महाग म्हणून खाली उतरून एका लहान गावाबाहेरच्या पंपावर गेलो. पंपावर माणूस नाही. इटलीत दुपारी जेवणाच्या वेळी आणि रविवारी लहान पंपांवर हे नेहमीचंच. दोन दर लिहिलेले असतात, 'सेल्फ' आणि 'सेर्वितो'. सेर्वितो म्हणजे माणूस भरून देणार, त्याचा दर जास्त. माणूस नसला की सेल्फच. मधोमध एक पेटी. तिच्यात आधी कार्ड घालायचं, पिन टाकायचा, पंपाचा नंबर दाबायचा, मग जाऊन नळी उचलायची.

फॉरेक्स कार्डावर तेव्हा २६० युरो शिल्लक होते. कार्ड घातलं, पिन टाकला, नंबर दाबला आणि नळीपाशी गेलो. नळीतून काही येईना. मी शेजारच्या पंपाचा नंबर दाबला होता. तिकडे जाईपर्यंत वेळ संपली आणि यंत्र पुन्हा पहिल्या पानावर आलं. पुन्हा कार्ड, पुन्हा पिन, या वेळी बरोबर नंबर. ४१ युरोंचं पेट्रोल भरलं आणि निघालो. मनात एवढंच, की २६० मधून ४१ गेले, २१९ उरले.

संध्याकाळी वेरोनाच्या हॉटेलात ८५ युरो द्यायचे होते. कार्ड नाकारलं गेलं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. मागे दोन माणसं उभी, पत्नी सामानापाशी, आणि काउंटरवरचा मुलगा सौजन्यानं पण जरा सावधपणे माझ्याकडे बघतोय. आयुष्यभर उधारी टाळत आलेल्या माणसाला तो प्रसंग फार लागला. ॲप उघडलं तर शिल्लक ६० युरो. दोनदा शंभर-शंभर युरो अडकवलेले दिसत होते.

यामागचं कारण नंतर नीट समजून घेतलं. माणूस नसलेल्या पंपाला आपण किती भरणार हे ठाऊक नसतं. म्हणून तो नळी सुरू करण्याआधी बँकेकडे एक ठोक रक्कम राखून ठेवायला सांगतो. कुठं शंभर, कुठं दीडशे युरोसुद्धा. भरून झाल्यावर खरी रक्कम कळवली जाते आणि उरलेली सुटते. हे सुटणं कधी काही मिनिटांत होतं, कधी काही दिवसांत. माझ्या पहिल्या प्रयत्नात तर एक थेंबही पेट्रोल आलं नव्हतं, तरी ते शंभर युरो नऊ दिवसांनी परत आले. दुसऱ्यातले ५९ सहाव्या दिवशी आले.

क्रेडिट कार्डावरही हेच घडतं, पण तिथं अडकते ती मर्यादा. फॉरेक्स कार्डावर अडकतात ते तुमचे स्वतःचे, संध्याकाळच्या खोलीसाठी ठेवलेले पैसे. शिवाय कार्डावर ७० युरो शिल्लक असतील आणि तुम्हाला फक्त ३० चं भरायचं असेल, तरी पंपानं शंभर मागितले की कार्ड नाकारलं जातं. प्रवास संपत येतो आणि शिल्लक कमी होते, नेमकं तेव्हाच हे आडवं येतं.

माझे शेवटचे शंभर युरो परत आले तेव्हा आम्ही टिळकवाडीत घरी येऊन तीन दिवस झाले होते. पैसे बुडाले नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण ते युरो पुन्हा रुपयांत करताना बँकेचा खरेदीचा भाव लागला, तो अर्थातच कमी. २,००० डॉलरपर्यंतचं परकीय चलन जवळ ठेवायला रिझर्व्ह बँकेची मुभा आहे, पण पुन्हा कधी जाणं होईल कोण जाणे, म्हणून मी मोडून टाकले.

वेरोनाहून पुढे सगळीकडे क्रेडिट कार्ड वापरलं. ट्रेंटोजवळ पुन्हा तसाच बिनमाणसाचा पंप लागला. कार्ड घातलं, भरलं, पावती घेतली. फोनवर शंभरचा संदेश आला आणि बिलात मात्र ३८ च लागले. टोलनाक्यांवरही तेच कार्ड लावत गेलो. मार्कअप गेला, पण हॉटेलच्या काउंटरवर मान खाली घालावी लागली नाही.

नोटा नेल्या तर? हे पंप नोटाही घेतात, पण सुटे परत देत नाहीत. पन्नासची नोट घातली आणि टाकी ३८ ला भरली, तर उरलेल्याची चिठ्ठी येते. ती त्याच पंपावर, माणूस असेल तेव्हा दाखवायची. आपण तोवर दुसऱ्या देशात असतो. म्हणून दहा-वीसच्या नोटा ठेवा, आणि टाकीत मावेल त्यापेक्षा कमीच घाला.

गाडी भाड्यानं घ्यायची असेल तर क्रेडिट कार्डाशिवाय तसंही अडतं. डिपॉझिटसाठी बरेच गाडीवाले प्रीपेड कार्ड घेत नाहीत, आणि कार्ड चालकाच्याच नावाचं मागतात. आमचे ८०० युरो म्युनिकमध्ये असेच अडकवून ठेवले होते, गाडी परत केल्यावर सुटले. म्हणून कार्डाची मर्यादा डिपॉझिट धरून ठरवा. माझी अडीच लाखांची होती, पुरली. पन्नास हजारांची असती तर डिपॉझिटमध्येच संपली असती.

क्रेडिट कार्डाचा एक धोका मात्र कटाक्षानं टाळा. यंत्र कधी कधी विचारतं, रुपयांत देता की युरोंत? रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, बोट तिकडेच जातं. पण तो भाव दुकानदाराच्या बाजूनं लावलेला असतो आणि बहुतेक वेळा आपल्या बँकेपेक्षा महाग पडतो. नेहमी तिथलं चलन निवडा.

कंडक्टेड टूरनं बसमधून जाणार असाल तर यातलं बरंचसं तुम्हाला लागू नाही. तिथं फॉरेक्स कार्डच घ्या, मीही घेईन. दुबईतही बऱ्याच पंपांवर माणूस भरून देतो आणि मग रक्कम घेतो, त्यामुळे एवढी काळजी नको. अमेरिकेत मात्र पंपावरचं यंत्र बऱ्याचदा पत्त्याचा पिनकोड (झिप कोड) मागतं, तो तिथलाच लागतो. परदेशी कार्ड असेल तर सरळ आत जाऊन आधी पैसे देऊन भरायचं. न्यू जर्सी राज्यात कायद्यानंच माणूस भरून देतो. यूपीआयवर विसंबून निघू नका. २०२४ मध्ये आयफेल टॉवरच्या तिकिटापासून फ्रान्समध्ये त्याची सुरुवात झाली खरी, पण जर्मनी-इटलीच्या वाटेवर आम्हाला एकाही पंपावर ते दिसलं नाही.

आमच्या निपाणीच्या स्नेह्यांची खरी अडचण वेगळीच निघाली. निवृत्त माणूस, पगाराची पावती नाही, म्हणून बँकेनं क्रेडिट कार्ड नाकारलं होतं. अशांसाठी मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड हा चांगला मार्ग आहे. ठेव मोडत नाही, तिच्या बदल्यात मर्यादा मिळते. घेताना व्हिसा किंवा मास्टरकार्ड घ्या, युरोपात ते सोपं जातं. २०२० च्या नियमांनुसार नवीन कार्डाचा परदेशी वापर बंद असतो, तो ॲपमधून चालू करावा लागतो. हे इथं घरी बसूनच करा. पिनही एकदा एटीएममध्ये वापरून बघा, कारण बिनमाणसाच्या पंपावर चुकला तर विचारायला कुणी नसतं.

त्यांना मी सुचवलंय ते असं: क्रेडिट कार्ड पंप, गाडी आणि हॉटेलसाठी, फॉरेक्स कार्डावर तीनशेच युरो, तेही वहिनींच्या पर्समध्ये, किरकोळ खर्चाला, आणि शंभर युरो लहान नोटांत. परवा त्यांचा फोन आला. ठेवीवरचं कार्ड मिळालंय, मर्यादा तीन लाखांची. आता डाव्या बाजूचं स्टिअरिंग कसं जमणार, एवढीच चिंता उरलीय म्हणाले.